वाऱ्याची ओळख

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यती लंडनपासून दूर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीच्या उपसागरात झाल्या. पॉल एल्व्हस्ट्रॉम नावाचा वीस वर्षांचा डॅनिश तरुण तिथे ‘फायरफ्लाय’ जातीची लहानशी होडी घेऊन उतरला आणि पहिल्याच शर्यतीत माघार घेऊन किनाऱ्याला लागला. शर्यती संपल्या तेव्हा सुवर्णपदक मात्र त्याच्याच नावावर होतं. पुढे हेलसिंकी, मेलबर्न आणि रोम अशा तीन ऑलिंपिकमध्ये ‘फिन’ या एकट्याने हाकायच्या होडीत त्याने आणखी तीन सुवर्णपदकं मिळवली. सलग चार ऑलिंपिक आणि चारही वेळा सुवर्ण. एवढं झाल्यावर लोकांनी जे म्हणायचं तेच म्हटलं, की हा माणूस जन्माला येतानाच वारा बरोबर घेऊन आला.

त्याच्या घरात एक बाक होता. बाकाला पट्टे लावलेले. पट्ट्यांत पावलं अडकवायची, मांड्या कडेवर टेकवायच्या आणि कमरेपासून वरचं सगळं अंग मागे, हवेत, झोकून द्यायचं. मग तसंच राहायचं. होडीत हेच करावं लागतं. शिडात वारा भरला की होडी एका अंगाला कलते. तिला सपाट ठेवायला हाकणारा आपलं वजन दुसऱ्या अंगाला, काठाच्या बाहेर टाकतो. याला ‘हायकिंग’ म्हणतात, आणि होडी जितकी सपाट तितकी ती वेगात जाते. बाकीचे दमून आत सरकायचे तेव्हाही एल्व्हस्ट्रॉम बाहेरच असायचा. वाचकाला याची कल्पना यायची असेल तर आज रात्री पलंगाच्या कडेवर बसावं, घरातल्या कुणाला तरी पावलं घट्ट धरायला सांगावीत आणि पाठ टेकू न देता मागे झुकावं. पहिल्या मिनिटातच मांड्या थरथरायला लागतील. शर्यत पाऊण-एक तासाची असते, आणि दिवसात दोन-तीन.

हे पुस्तक त्या बाकाबद्दल आहे आणि लोकांच्या त्या वाक्याबद्दलही.

शिडाच्या शर्यतीत जिंकणं उपजत असतं की शिकून येतं, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं विचारला जातो. बहुतेक वेळा विचारणारे आईवडील असतात. मुलगी किंवा मुलगा दहा-अकरा वर्षांचा, सुट्टीतल्या शिबिरात चार दिवस होडीत बसलेला. किनाऱ्यावर छत्री धरून उभे राहिलेले बाबा हळूच जवळ येतात आणि म्हणतात, “जरा बघून सांगा ना, हिच्यात आहे का काही?” त्यांना हो किंवा नाही हवं असतं. मला दोन्ही सांगता येत नाही, आणि ते का सांगता येत नाही हे दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

आपल्या बोलण्यात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं तयार आहेत. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण म्हणतो. पाण्यात पडलं की पोहता येतं, असंही आपणच म्हणतो. एकाच घरात, कधी एकाच जेवणाच्या पंगतीत, दोन्ही म्हणी वापरल्या जातात आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही. मला दोन्ही खऱ्या वाटतात, पण सारख्याच खऱ्या वाटत नाहीत.

आधी शर्यत म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मराठी वाचकाला क्रिकेट समजावून सांगावं लागत नाही, हे सांगावं लागतं. समितीची बोट आणि एक बोया यांच्यामधली काल्पनिक रेघ ही सुरुवातीची रेषा. पाच मिनिटं आधी इशारा होतो. त्या पाच मिनिटांत तीस-चाळीस होड्या त्या रेषेमागे घिरट्या घालत असतात. होडीला ब्रेक नसतो. इशाऱ्याच्या क्षणी रेषेच्या एक हात मागे, पण पूर्ण वेगात असणं ही सुरुवात. नंतरचा पहिला बोया नेमका ज्या दिशेने वारा येतो त्या दिशेला ठेवलेला असतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून एका बाजूला तिरपी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरपी. नागमोडी वाटेने सगळे वर चढत असतात. प्रत्येकाची वाट वेगळी. कुणाची बरोबर हे वर पोहोचल्यावर कळतं.

यातला खरा खेळ वारा वळण्याचा आहे. वारा एका दिशेने वाहतो असं आपल्याला पंख्यामुळे वाटत असावं. पाण्यावर तो सतत इकडेतिकडे झुलत असतो, पाच अंश डावीकडे, दहा अंश उजवीकडे. दोन होड्या बरोबरीत आहेत आणि त्यांच्यात आडवं अंतर १०० मीटर आहे असं धरा. वारा १० अंशांनी वळला की ज्या बाजूला तो वळला त्या बाजूची होडी भूमितीनेच सुमारे २५ मीटर पुढे जाते. ‘लेसर’ या एकट्याने हाकायच्या होडीची लांबी जेमतेम सव्वाचार मीटर. म्हणजे काहीही जोर न लावता सहा होड्यांचं अंतर मिळालं. जो हरला त्याच्या मांड्या तेवढ्याच दुखत असतात.

तर हा न दिसणारा वारा ओळखायचा कसा? पाण्यावर काळसर, खरखरीत चट्टे धावत येतात, तो जोराचा झोत. लांबच्या बोटीवरचं निशाण, गिरणीच्या चिमणीतला धूर, पुढे गेलेल्या होड्यांची शिडं, हे सगळं वाचायचं. शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे बोटभर धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे वाहत असतील तर होडी बरोबर चालली आहे. वाऱ्याकडचा धागा नाचायला लागला की आपण वाऱ्याच्या फार तोंडात शिरलो, पलीकडचा मेल्यासारखा लोंबला की फार खाली उतरलो. नवशिक्याची नजर त्या धाग्यांना खिळलेली असते, म्हणून त्याला येणारा चट्टा दिसत नाही. चट्टा बघायला गेला की धागा निसटतो. मुरलेला खेळाडू धाग्याकडे क्वचितच बघतो. सुकाणूच्या दांड्याला हाताशी जो ताण लागतो त्यावरून, बसल्या जागी होडीचा कल जाणवतो त्यावरून आणि मानेवरच्या वाऱ्यावरून ते काम होऊन जातं आणि डोळे लांबचं बघायला मोकळे राहतात. किनाऱ्यावरच्या माणसाला हे अंतर्ज्ञान वाटतं. झालेलं एवढंच असतं की हजार वेळा बघितलेली गोष्ट आता अंगात उतरली आहे आणि डोळ्यांना सुट्टी मिळाली आहे.

हे मला समजलं ते एका फजितीतून. कॉलेजात असताना मी मुंबई बंदरात एंटरप्राइज होडीत क्रू म्हणून बसत असे. निळ्या शिडांची, दोघांची होडी. सुकाणूवर माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा दादा. त्या दिवशी वारा मंद होता, आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या जागी होतो आणि बोया हाकेच्या अंतरावर. दोन्ही धागे सरळ, शीड सुरेख भरलेलं, होडीच्या नाकाशी पाणी गुळगुळ वाजतंय. आम्ही मोठ्या ऐटीत चाललो होतो. पाच मिनिटांनी बोया तेवढाच लांब होता. दहा मिनिटांनी थोडा आणखी लांब. एकेक होडी आमच्या आतल्या अंगाने, किनाऱ्याला चिकटून, निघून गेली. दादा शिडाची दोरी ओढून बघत होता, सोडून बघत होता, मला पुढे सरक म्हणत होता, मागे सरक म्हणत होता. ओहोटी लागली होती आणि आम्ही पुढे पुढे जात मागे वाहत होतो.

शर्यत संपल्यावर धक्क्याशी एक म्हातारे नाखवा आपल्या मचव्यात जाळं सावरत बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. “पाणी फिरलं होतं पोरांनो,” ते म्हणाले. “नांगरलेल्या बोटींची तोंडं बघायची होती ना.”

आम्ही वळून पाहिलं. बंदरात नांगरलेल्या सगळ्या बोटी एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या, प्रवाहाला सामोऱ्या. सकाळी त्यांची तोंडं उलट दिशेला होती. वीस बोटी आम्हाला ओरडून सांगत होत्या आणि आम्ही लोकरीचे दोन धागे बघत बसलो होतो.

त्या नाखव्यांबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. शहरातला माणूस त्यांना पाहून सहज म्हणेल की यांच्या रक्तातच समुद्र आहे. कोळीवाड्यात असं कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. तिथे पोरगा आधी वल्ह्यावर बसतो, जाळं ओढतो, शिव्या खातो, खलाशी म्हणून चार वर्षं काढतो, त्यातला एखादा पुढे तांडेल होतो. खारे वारे कधी सुटतात, मतलई वारे कधी पडतात, कुठल्या खडकामागे पाणी उलटं फिरतं, हे त्याला कुणी फळ्यावर लिहून दिलेलं नसतं, पण शिकवलेलं असतंच. शिकवणी इतकी लांब आणि इतकी रोजची असते की ती शिकवणी आहे हेच बाहेरच्याला दिसत नाही. माशाच्या पिलाबद्दलची आपली म्हण तिथे मला तोकडी वाटते. पिलाला शिकवावं लागत नसेल, पण ते जन्मल्यापासून पाण्याबाहेर एक क्षणही राहिलेलं नसतं.

शिडाच्या शर्यतीतली घराणी पाहिली तर हेच दिसतं. ब्राझीलच्या तोर्बेन ग्राएल यांना पाच ऑलिंपिक पदकं, आणि त्यांची मुलगी मार्तिने हिला रिओ आणि तोक्यो अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. ब्रिटनच्या बेन एन्स्लीचे वडील १९७३ च्या पहिल्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत एका नौकेचे कप्तान होते. खुद्द एल्व्हस्ट्रॉम १९८४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, आपल्या मुलीला, त्रिनेला, बरोबर घेऊन ऑलिंपिकमध्ये उतरला आणि दोघं चौथे आले. यात रक्ताचा भाग किती? असेल थोडा. पण ज्या घरात जेवताना वाऱ्याच्या गप्पा होतात, जिथे होडी अंगणात असते, जिथे हरून आलेल्या पोराला ‘डावीकडे का गेलास?’ असं विचारणारं कुणी असतं, त्या घरातल्या मुलाची दहा वर्षं आणि दुसऱ्या मुलाची दहा वर्षं सारखी धरताच येत नाहीत.

एन्स्लीची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. कॉर्नवॉलच्या खाडीत आठव्या वर्षी ‘ऑप्टिमिस्ट’ या लहान मुलांच्या होडीत बसलेला हा मुलगा १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लेसर होडी घेऊन गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शर्यती सव्हाना इथे होत्या. शेवटच्या शर्यतीआधी सुवर्णासाठी दोघांतच चुरस होती, तो आणि ब्राझीलचा रॉबर्ट शाइट. गुणांच्या हिशेबाने शाइट पुढे होता. शेवटची शर्यत दोघांच्याही खात्यात जमा झाली नाही, तर सोनं त्याचंच. सुरुवातीच्या रेषेवर शाइट इशाऱ्याआधीच पुढे सरकला. एन्स्लीला वाटलं, हा निसटतोय. तोही गेला. दोघंही बाद झाले आणि सुवर्ण शाइटला गेलं.

वारा, लाटा, मांड्यांची ताकद यांतल्या कशातच एन्स्ली तेव्हा कमी नव्हता. त्याला जे माहीत नव्हतं ते एकच होतं, की शेवटच्या शर्यतीत कधी कधी होडीशी नाही तर माणसाशी खेळायचं असतं. चार वर्षांनी सिडनीत पुन्हा तेच दोघं आणि पुन्हा शेवटची शर्यत. या वेळी हिशेब उलटा होता. शाइट खूप मागे पडला तरच एन्स्लीला सोनं मिळणार होतं. एन्स्लीने जिंकायचा प्रयत्नच केला नाही. तो सुरुवातीपासून शाइटच्या वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसला, आपल्या शिडाने त्याचा वारा तोडत राहिला, नियमांच्या आत राहून त्याला अडवत, मागे रेटत राहिला. संतापलेल्या शाइटच्या हातून चूक झाली आणि तो बाद ठरला. सुवर्ण एन्स्लीला मिळालं. त्यानंतर फिन होडीत त्याने आणखी तीन मिळवली, आणि त्या जड होडीसाठी आधी त्याला आपलं वजन बरंच वाढवावं लागलं.

काही जणांना सिडनीची ती शर्यत अखिलाडू वाटली. मला ती शिकण्याचा नमुना वाटते. सव्हानाचा धडा एका सकाळचा होता, पण तो पचवायला चार वर्षं लागली, आणि पचवताना नियमांचं पुस्तक पाठ करावं लागलं. शाइट काही कमी ठरला नाही, त्याच्याही नावावर पाच ऑलिंपिक पदकं आहेत. ज्याने धडा दिला त्यालाच चार वर्षांनी तो ऐकावा लागला, एवढंच.

आता संशोधनाकडे. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. उत्तम वादकांनी लहानपणापासून एकट्याने केलेल्या हेतुपूर्वक सरावाचे तास इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होते. यातूनच पुढे ‘दहा हजार तास’ हे लोकप्रिय सूत्र निघालं आणि क्लासवाल्यांच्या जाहिरातींपर्यंत पोहोचलं. २०१६ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी खेळांवरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. त्यांना दिसलं की खेळाडूंच्या कामगिरीतला सुमारे १८ टक्के फरक अशा सरावाने समजावता येतो, आणि अगदी वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये तर १ टक्काच.

हा आकडा वाचून काहींनी आनंदाने घोषणा केली की सराव व्यर्थ आहे, सगळं जन्मजात आहे. आकडा तसं म्हणत नाही. ऑलिंपिकच्या रेषेवर उभे असलेले चाळीसही जण वर्षानुवर्षं घासून आलेले असतात. सगळ्यांनीच तेवढा सराव केला असेल तर त्यांच्यातला फरक सरावाच्या तासांनी कसा दिसणार? आपल्याकडच्या गाण्याच्या मैफलीत बसलेल्याला हे लगेच पटेल. रियाज न केलेला गवई व्यासपीठावर पोहोचतच नाही, म्हणून व्यासपीठावरच्या दोघांत कोण सरस हे रियाजाचे तास मोजून ठरत नाही. आणि उरलेला भागही सगळा ‘उपजत’च्या खात्यात टाकता येत नाही. त्यात शिक्षक आहे, पैसा आहे, आजारपणं आहेत, जन्मगाव आहे, आणि सरावाचे तास मोजले पण सरावाचा कस मोजला नाही, हेही आहे.

कसाबद्दल माझं मत ठाम आहे. होडीत नुसते तास काढून माणूस सुधारत नाही. वीस वर्षं रोज होडी चालवणारी आणि वीस वर्षं तशीच चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. शर्यतीत अडचण ही असते की आपण का हरलो ते कळत नाही. वारा वळला म्हणून, शीड चुकलं म्हणून, की नुसतं नशीब? म्हणून जाणते खेळाडू दोन होड्या शेजारी शेजारी घेतात, एकाच वाऱ्यात, एकाच दिशेने. दहा मिनिटं चालायचं. मग एका होडीत एकच गोष्ट बदलायची, शिडाचा ताण, डोलकाठीचा कल किंवा बसण्याची जागा, आणि पुन्हा दहा मिनिटं. अमेरिकेच्या डेनिस कॉनरने १९८० च्या अमेरिका कपासाठी दोन मोठ्या नौका घेऊन हेच महिनोन्महिने केलं आणि कप राखला. तेव्हा अनेकांना हे खेळापेक्षा कारखान्याचं काम वाटलं होतं. आज गंभीर संघांत ही पद्धत रूढ आहे.

मग उपजत काहीच नाही का? आहे. शरीर आहे. लेसरमध्ये साधारण ८० ते ८५ किलोचा, उंच माणूस हवा. ६० किलोचा माणूस कितीही शहाणा असला तरी जोराच्या वाऱ्यात ती होडी सपाट ठेवू शकणार नाही. उंची सरावाने वाढत नाही. पण म्हणूनच वेगवेगळ्या अंगाच्या माणसांसाठी वेगवेगळ्या होड्या आणि लहान-मोठी शिडं आहेत, आणि योग्य होडी निवडणं हाही शिकण्याचाच भाग आहे.

ज्याला आपण ‘इंद्रियांची देणगी’ म्हणतो त्याबद्दल मात्र मी सावध झालो आहे, आणि ते शू लीजियामुळे. शांघायची ही मुलगी जन्मापासून एका डोळ्याने अधू आणि एका कानाने जवळजवळ बहिरी. आधी पोहायची, दहाव्या वर्षी होडीत आली. वाऱ्याचा अंदाज घ्यायला दोन कान, अंतराचा अंदाज घ्यायला दोन डोळे लागतात असं आपण कुणालाही सांगितलं असतं. २०१२ मध्ये वेमथच्या पाण्यात तिने लेसर रेडियल होडीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या लेसरमध्ये जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा टॉम स्लिंग्सबी चार वर्षांपूर्वी बीजिंगला जगज्जेता म्हणून गेला होता आणि बाविसावा आला होता. बीजिंगमध्ये तो ‘देणगी’ घरी विसरला होता, असं तर झालं नसेल.

आता आपल्याकडे येतो, कारण हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते इथल्या एका दुखण्यामुळे.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर या मुलीने रौप्यपदक मिळवलं, लहान शिडाच्या लेसर होडीत. या होडीला आता आयएलसीए-४ म्हणतात. नेहा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याची, शेतकऱ्याच्या घरातली. समुद्र तिथून कित्येक शे किलोमीटर. ती शिकली भोपाळच्या बड्या तलावावर, राज्य सरकारच्या नौकानयन शाळेत. त्याआधी २०१८ ला जाकार्तात कांस्य मिळवणारी हर्षिता तोमरही मध्य प्रदेशचीच. हैदराबादच्या हुसेन सागरावर गरीब वस्त्यांतली मुलं होड्या चालवतात आणि देशभरातल्या स्पर्धांत पुढे येतात. ज्यांच्या सात पिढ्यांनी समुद्र पाहिला नसेल अशी ही मुलं आहेत. माशाची पिलं नव्हेत. त्यांना पाण्यात उतरवलं गेलं, होडी दिली गेली, शिकवणारा दिला गेला.

देवास म्हटल्यावर मराठी माणसाला कुमार गंधर्व आठवणारच. मलाही आठवतात, आणि त्यांच्याबरोबर आर्जेंटिनाचे सांतियागो लांगे. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर कुमारजींनी देवासला राहून आपलं गाणं आपल्या श्वासाच्या बेताने पुन्हा उभं केलं. लांगे यांच्या फुफ्फुसाचा मोठा भाग कर्करोगामुळे २०१५ मध्ये काढावा लागला, आणि पुढच्याच वर्षी रिओत, चोपन्नाव्या वर्षी, सेसिलिया कारांसाबरोबर त्यांनी सुवर्ण जिंकलं. त्यांची दोन मुलंही त्याच ऑलिंपिकमध्ये खेळत होती. जन्माने दिलेलं निम्मं काढून घेतल्यावरही जे उरतं, ते कुठून आलेलं असतं हा प्रश्न मला या दोघांनी घातला.

आणि महाराष्ट्र? शाळेच्या पुस्तकात शिकलेला ७२० किलोमीटरचा किनारा. कान्होजी आंग्र्यांची गुरबं आणि गलबतं. मुंबईत १८४६ पासून यॉट क्लब. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल होडीत सुवर्ण मिळवलं. १९९३-९४ चा खेलरत्न होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग यांना शिडाच्या शर्यतीसाठीच मिळाला. नौदल आणि लष्कराने या खेळाला मुंबईत घर दिलं, त्याबद्दल कृतज्ञ असायलाच हवं. पण रत्नागिरीच्या, अलिबागच्या, वेंगुर्ल्याच्या शाळेतला मुलगा शर्यतीच्या होडीपर्यंत पोहोचेल अशी वाट आपण केलेली नाही. ज्या पोराला नांगरलेल्या बोटींची तोंडं बघून पाणी फिरलेलं कळतं, त्याला ऑप्टिमिस्टमध्ये बसवलं तर काय होईल, हे आपण मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलंच नाही. मला यात खंत वाटते, आणि थोडा रागही येतो. ‘उपजत’ हा शब्द मग फार सोयीचा ठरतो. ज्यांना संधी मिळाली ते जिंकले की त्यांच्यात ‘काहीतरी होतं’ म्हणायचं. ज्यांना होडीच मिळाली नाही त्यांच्याबद्दल काही म्हणायची वेळच येत नाही.

चेन्नईच्या नेत्रा कुमाननचं उदाहरण इथे उपयोगी आहे. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला शिडाची खेळाडू, तोक्योत पस्तिसावी आणि पॅरिसमध्ये एकविसावी. बाराव्या वर्षाच्या आसपास ती उन्हाळी शिबिरातून या खेळात आली. त्याआधी नृत्य, चित्रकला, टेनिस असं बरंच काही करून झालं होतं. जागतिक दर्जाच्या खेळाडूंचा अभ्यास करणाऱ्या आर्ने ग्युलिख यांच्या गटालाही असंच आढळलं आहे, की अव्वल खेळाडू लहानपणी जास्त खेळ खेळलेले असतात आणि आपल्या मुख्य खेळाकडे थोडे उशिराच वळतात. छत्री धरून उभ्या असलेल्या बाबांना मी हे आवर्जून सांगतो. पस्तिसाव्यावरून एकविसाव्या जागेपर्यंतच्या तीन वर्षांत नेत्राने काय काय बदललं असेल, याकडे मी त्यांना बघायला सांगतो.

या पुस्तकातले लेख मी वेगवेगळ्या वेळी लिहिले. काही वाऱ्याबद्दल आहेत, काही शरीराबद्दल, दोन नियमांबद्दल आहेत आणि ते कंटाळवाणे वाटले तरी वगळू नयेत, कारण एन्स्लीला सिडनीत नियमांनीच तारलं. शक्य तिथे कोकणात चालणारे शब्द वापरले आहेत. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, भरती-ओहोटी हे शब्द असताना दुसरे कशाला? जिथे खेळाडूच टॅक, हायकिंग, बोया म्हणतात तिथे मीही तेच म्हटलं आहे.

छपाईला द्यायच्या आधी शेवटचं म्हणून मी बंदरातला एक लहान मुलांचा वर्ग बघायला गेलो होतो. आठ ऑप्टिमिस्ट होड्या, बाथटबला शीड लावल्यासारख्या. प्रशिक्षक रबरी बोटीतून मागोमाग. त्यांनी एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीला रुमालाने डोळे बांधायला सांगितलं आणि तसंच हाकायला सांगितलं. आधी होडी डुगडुगली, शीड फडफडलं. मग मुलीने मान हळूहळू वळवली, थांबली, सुकाणूचा दांडा किंचित ओढला आणि शीड शांत झालं. होडी सरळ रेषेत निघाली. प्रशिक्षक म्हणाले, सप्टेंबरात आली तेव्हा हिला शिडाची कुठली बाजू पुढे तेही माहीत नव्हतं.

किनाऱ्यावर आल्यावर मी तिला विचारलं, डोळे बांधले तरी वारा कुठून येतोय ते कसं कळलं?

“दोन्ही कानांना सारखं गार लागलं की समोर वारा,” ती म्हणाली. “मग तिथून थोडं वळायचं.” आणि ओल्या पायांनी होडीतलं पाणी उपसायला पळाली.